लोहगडवाडीची चाळीस ताटं

सर सगळ्या विद्यार्थ्यांना 'शेठ' म्हणायचे. मुलगा असो की मुलगी, शेठच. कुणी उशिरा आलं की दारातच विचारायचे, "काय शेठ, आज दुकान उशिरा उघडलं?" आणि उत्तराची वाट न बघता फळ्याकडे वळायचे. बाकीचे प्राध्यापक चिडले की वर्गाबाहेर काढायचे. सर चिडले की शेठ म्हणणं बंद करायचे. हे आम्हाला वरच्या वर्गातल्या मुलांनी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं. तीन वर्षांत मी ते एकाच मुलीच्या बाबतीत घडलेलं पाहिलं. ती मुलगी मी होते.

आमचं कॉलेज मावळातलंच, कॉमर्सचं, दोन मजली, मागे भाताची खाचरं. सर तिथे उद्योजकता विकास शिकवायचे. हा विषय म्हणजे फुकटचे मार्क, असं सगळे समजायचे. गाईडमधले उद्योजकाचे दहा गुण पाठ केले की झालं. सरांनी ती यादी वर्गात एकदाच वाचून दाखवली आणि विचारलं, "हे सगळे गुण तुमच्या ओळखीच्या कुणात आहेत?"

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "माझ्या आत्यात आहेत, सर."

"मग आत्या उद्योजक आहे?"

"नाही सर. ती बंगल्यांवर भांडी घासते."

 सरांनी गाईड मिटलं आणि पुन्हा कधी वर्गात आणलं नाही.

त्यानंतरचा त्यांचा वर्ग म्हणजे एकच प्रश्न. आम्ही काहीही कल्पना मांडली की ते विचारायचे, "गिऱ्हाईक कोण?" आम्ही पुस्तकी उत्तर द्यायचो, "अठरा ते पंचवीस वयोगटातले तरुण." सर म्हणायचे, "हे वय झालं. नाव सांगा." नाव सांगता आलं नाही तर कल्पना बाद. नाव सांगितलं तर पुढचा प्रश्न यायचा, "त्याला विचारलंत का?" अर्धा वर्ग तिथेच गळायचा.

एकदा त्यांनी आम्हाला लोणावळ्याला नेलं. चिक्कीच्या दुकानांसमोर दोघादोघांना उभं केलं आणि दोन तास तिथून हलू नका म्हणाले. आम्हाला वाटलं, कोण किती घेतं ते लिहायचं असेल. आम्ही तसं लिहायला लागलो. सर फिरत फिरत आले, माझी वही बघितली आणि म्हणाले, "शेठ, घेणाऱ्यांचं मालक लिहितोच. न घेता परत गेला, त्याचं लिहा. काय बघितलं, कुठे थबकला, कुणाकडे बघून निघाला." त्या दिवशी मी एका म्हाताऱ्या माणसाचं लिहिलं होतं. तो चार दुकानांत जाऊन आला आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारत होता, दात नसलेल्याला खाता येईल असं काही आहे का. सरांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. मला इतका आनंद झाला होता की मी ते पान अजून जपून ठेवलं आहे.

त्यांच्याजवळ एक घडीचं स्टूल असायचं. वडगावच्या बाजारात ते कुठल्याही दुकानापाशी उघडून बसायचे, तासभर, काही न घेता. दुकानदारांना सवय झाली होती. कुणी नवखा विचारायचा, "काय पायजे?" तर सर म्हणायचे, "काही नको. तुमचं चालू द्या." घरी बायको होती तोवर तिला म्हणे याची फार लाज वाटायची. ती गेल्यावर सरांचं बसणं आणखी वाढलं.

आणि सरांना नव्या गोष्टींचं वावडं होतं, असं कुणी समजू नये. उलट कॉलेजात पहिला स्मार्टफोन त्यांनीच घेतला होता. फक्त ते त्यावर पोस्टकार्डासारखं लिहायचे. व्हॉट्सॲपवर वरती तारीख, मग 'सप्रेम नमस्कार', मजकूर 'उद्या तास नाही' एवढाच, आणि खाली 'आपला'. पुढे कॉलेजने ऑनलाइन शिक्षणाचं पोर्टल घेतलं आणि प्रत्येक प्राध्यापकाने आपापल्या धड्यांच्या नोट्स त्यावर टाकाव्यात असं पत्रक निघालं. सगळ्यांनी गाईडची पानं स्कॅन करून टाकली. सरांनी 'बाजारपेठेचे सर्वेक्षण' या धड्याखाली बारा मिनिटांचं ध्वनिमुद्रण टाकलं. त्यात वडगावच्या आठवडे बाजाराचा नुसता कालवा होता. खाली प्रश्न: 'किती विक्रेते ऐकू येतात? यातल्या कुणाकडून घ्याल? का?' प्राचार्यांना वाटलं, सरांच्या खिशात फोन चुकून चालू राहिला. त्यांनी ते काढायला लावलं. सरांनी काढलं आणि दुसऱ्या दिवशी कामशेतच्या भाजी बाजाराचं टाकलं.

प्रत्येक वर्गाला ते खेड्यांत न्यायचे. शिळिंब, पाटण, लोहगडवाडी. वीस-बावीस वर्षं नेत होते. तिथल्या घरांमध्ये त्यांना 'मास्तर' म्हणायचे आणि विचारल्याशिवाय पाणी पुढे यायचं. आमचा वर्ग त्यांनी लोहगडवाडीला नेला होता.

आता माझं सांगते. माझे वडील मळवलीला एका बंगल्याचे केअरटेकर होते. आम्ही बंगल्यामागच्या खोलीत राहायचो. शनिवारी दुपारी मुंबईहून मालकांचा फोन यायचा, संध्याकाळी बाराजण येताहेत, कोंबडी करून ठेवा. आई शेजारणीला हाताशी घेऊन सगळं रांधायची. आणि कधी कधी ते यायचेच नाहीत. कळवायचेही नाहीत. आई झाकणं काढून बघायची, परत ठेवायची. आपल्यामुळे वाया गेलेल्या अन्नाची त्या लोकांना खबरही नसते, हे मी लहानपणापासून बघत आले होते. म्हणूनच पुढचं मी अजाणता केलं, असं म्हणायची मला सोय नाही.

तिसऱ्या वर्षी कॉलेजात स्टार्टअपचं वारं आलं. नवीन कक्ष उघडला, भिंतीवर रंगीत दिव्यांची चित्रं काढली आणि डिसेंबरातला 'डेमो डे' जाहीर झाला. पुण्याहून परीक्षक येणार, पहिल्या गटाला पुढच्या शिक्षणासाठी शिफारस मिळणार. माझ्या वर्गातला इम्रान, वडगावच्या टायरवाल्यांचा मुलगा, कॉम्प्युटरमध्ये हुशार होता. आम्ही दोघांनी मिळून 'चूल' नावाचं ॲप काढलं. लोहगड चढायला येणाऱ्यांनी पायथ्याच्या घरात जेवण आधीच सांगून ठेवायचं. ऑर्डर आली की त्या घरच्या फोनवर मेसेज जाणार. त्यांनी 'एक' लिहून उत्तर पाठवलं की होकार.

कल्पना चांगलीच होती. सरांनी विचारलं, "गिऱ्हाईक?" मी चाकणहून येणाऱ्या तीन ट्रेकरांची नावं सांगितली, त्यांना विचारलंय म्हणाले. सर हसले. "आणि चूल कुणाची?"

त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. सर स्वतः आम्हाला घेऊन लोहगडवाडीला गेले. वाटेच्या वळणावर एका मावशींचं छप्पर होतं, ताक, लिंबू सरबत, कांदाभजी. घर मागेच. सरांशी त्यांची जुनी ओळख. पण मावशी तयार होईनात.

"मला नगं ते फोनचं. माणूस दारात आलं तर मी जेवाय घालीन. फोनवरच्या माणसाचं काय खरं?"

"वहिनी," सर म्हणाले, "मी आहे ना मध्ये."

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे. "मास्तर हायत म्हणून व्हय म्हनते बरं का," त्या म्हणाल्या.

तीन रविवार ॲप चाललं. पाच ताटं, आठ ताटं, एकदा अकरा. लोक येऊन जेवून गेले. मावशी फोन छपराच्या आडव्या वाशावर ठेवायच्या, तिथेच तेवढी रेंज यायची. मेसेज वाजला की हात पुसत धावायच्या.

डेमो डे बुधवारी होता. बुधवारी गडावर कुणी नसतं. आमच्याकडे दाखवायला रविवारचे आकडे होते, पण आमच्या आधीच्या गटाने पडद्यावर ड्रोनची फिल्म दाखवली आणि सभागृह उभं राहिलं, तेव्हा आमचे ते अकरा मला केविलवाणे वाटले. इम्रानने ॲपमध्ये चाचणीचं बटण ठेवलं होतं. ते चालू असलं की ऑर्डर फक्त आमच्या पडद्यावर दिसायची, मावशींना मेसेज जायचा नाही. मी त्याला म्हटलं, बटण बंद कर. मला खरा होकार हवा होता, सगळ्यांसमोर आलेला.

"त्या खरंच स्वैपाक करतील," इम्रान म्हणाला.

"मंचावरून उतरलो की लगेच फोन करून सांगते. दहा मिनिटांचा प्रश्न आहे."

"मग पाचच टाक."

मी चाळीस टाकली. दुपारी एक वाजता चाळीस ताटं.  मी परीक्षकांना सांगत होते की आता इथून तीस किलोमीटरवर एका बाईच्या घरी मेसेज पोचतोय. काही क्षण गेले. मग पडद्यावर हिरवी खूण आली आणि मोठ्या अक्षरांत 'स्वीकारली'. टाळ्यांचा कडकडाट झाला. एक परीक्षक उठून उभे राहिले.

प्रश्नांच्या वेळी तिसऱ्या रांगेतून सर उठले. "शेठ, चाळीस जण कोण आहेत? एकाचं नाव सांगा."

त्यांनी ते मला अडवायला विचारलं नव्हतं. नाव मला माहीत असणार याची त्यांना खात्री होती. सगळ्यांसमोर मला ते सांगता यावं, म्हणून त्यांनी विचारलं. तोंडात येईल ते मी बोलले, "देशपांडे, सर. पिंपरीच्या एका कंपनीचा ग्रुप आहे, त्यांचे मॅनेजर."

सरांनी खिशातून डायरी काढून ते नाव लिहून घेतलं. "शाब्बास," म्हणाले आणि बसले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. वीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा पूर्ण उत्तर दिलं होतं.

मी खाली उतरले. परीक्षकांनी बोलावून घेतलं. मग प्राचार्यांनी फोटोसाठी थांबवलं. मग एका वार्ताहराला बोलायचं होतं. माझा फोन थरथरत होता, मावशींचे फोन येत होते. पहिला पावणेअकराला आला असावा, बहुतेक विचारायला, की तिखट खातात का. इम्रान दोनदा येऊन म्हणाला, "अगं, कर ना फोन." दुसऱ्या वेळी मी त्याला म्हटलं, "आता केला तर त्या चिडतील, आरडाओरडा करतील. बक्षीस होऊ दे." तोवर साडेबारा झाले होते. एकदा उशीर झाल्यावर प्रत्येक मिनिटाला फोन करणं आणखी अवघड होत गेलं. शेवटी मी फोन पर्समध्ये खोल ठेवून दिला.

आम्हाला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. सरांची खुर्ची रिकामी होती.

मी मावशींना फोन केला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, कधीच नाही. इम्रानने संध्याकाळी केला होता, तो कुणी उचलला नाही. महिन्याभरात आम्ही 'चूल' बंद केलं. इम्रान माझ्याशी बोलेनासा झाला. तो आता कुठे आहे मला ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी सर तासाला आले. मी उशिरा पोचले होते, मुद्दाम. वाटलं, दारातच काय ते बोलतील आणि एकदाचं होऊन जाईल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं नाव घेतलं. नुसतं नाव, नीट उच्चारून. "आत या," म्हणाले. नंतरचे चार महिने मी त्यांच्यासाठी माझ्या नावाचीच राहिले. त्या दिवसाबद्दल त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. कॉलेजात कुणाला काही सांगितलंही नसावं, कारण माझी शिफारस कुणी अडवली नाही.

आणखी एक गोष्ट झाली. सरांनी मुलांना खेड्यांत नेणं बंद केलं. प्रोजेक्टर मागून घेतला, वर्गात बसून शिकवायला लागले. प्राचार्य निरोप समारंभात म्हणाले, "या मुलांनी आपल्या सरांनासुद्धा डिजिटल करून टाकलं!" सगळे हसले. सरही हसले. मीही हसले, आणि घरी जाताना स्वतःला समजावलं, बघ, तितकंही काही वाईट झालेलं नाही.

पुढे मी एमबीए केलं. पुण्याच्या एका संस्थेत शिकवायला लागले. विषय तोच. ऑनलाइन अभ्यासक्रमांची चलती आली तेव्हा संस्थेने माझाही एक तयार करून घेतला, मराठीतून, 'उद्योजकतेची ओळख'. त्यातल्या चौथ्या पाठात मी लोहगडवाडी सांगितली. ती चाळीस ताटं, तो हिरव्या खुणेचा क्षण. ताटं कुणी जेवलं असं मी त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वाक्यं इतकी जपून रचली होती की ऐकणाऱ्याने आपणहून तसं समजावं. पाठाखालच्या चाचणीत एक प्रश्न होता, 'पथदर्शी प्रयोगात एका वेळी जास्तीत जास्त किती ताटांची सेवा दिली गेली?' पर्याय दहा, वीस, तीस, चाळीस.

गेल्या उन्हाळ्यात अभ्यासक्रमाच्या यादीत मला सरांचं नाव दिसलं. निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती. त्यांनी नाव नोंदवलं होतं, सगळे पाठ पूर्ण बघितले होते, चौथा दोनदा. चाचणीत वीसपैकी एकोणीस. मी उत्तरपत्रिका उघडली. एकोणीस बरोबर होती. ताटांचा प्रश्न कोरा होता. प्रत्येकाला तीन संधी मिळायच्या. त्यांनी तिन्ही घेतल्या होत्या आणि तिन्ही वेळा तो एकच प्रश्न कोरा ठेवला होता. प्रत्येक वेळी त्यांना माझ्या फोटोसह आपोआप निरोप गेला होता, 'छान प्रयत्न! अजून थोडा अभ्यास करा.'

दोन दिवस मी ती उत्तरपत्रिका उघडत-मिटत राहिले. तिसऱ्या दिवशी गाडी काढली. सरांकडे वडगावला जायचं ठरवून निघाले होते, पण फाट्याजवळ धीर झाला नाही. सरळ पुढे गेले आणि मळवलीवरून लोहगडवाडीला चढले.

मावशींचं छप्पर आता पत्र्याचं झालं होतं, खुर्च्या होत्या, भिंतीवर पैसे पाठवायचा कोड चिकटवला होता. त्यांनी मला ओळखलं नाही. मी मास्तरांची विद्यार्थिनी म्हणताच त्यांचा हात थांबला.

"कसं हायत?"

"बरे आहेत. तुमच्याकडे येत नाहीत?"

"मीच नगं म्हनलं हुतं." मावशी परातीत पीठ घेऊन बसल्या. "लय वर्सं झाली. फोनवर चाळीस मानसांचा सैपाक सांगितला. मी धाकट्या जावंला बोलावलं, ननंदेला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. पडवीत पंगत मांडली. एक वाजला, दोन वाजलं. फोन उचलना कुनी. मंग मास्तरांला लावला. मानूस चार वाजता खालच्या भाजे गावाकडनं चालत आलं, घामानं भिजून. म्हनालं, वहिनी, माजी चूक. पोरांना मीच निरोप पाठवाय सांगितलं आन मानसं येनार न्हाईत ते सांगायचं इसरलो."

"मग?" मी विचारलं.

"पैसं काढलं त्यांनी, मी हात लावला न्हाई. मंग त्या मोकळ्या पंगतीत एकटंच बसलं, म्हनालं वाढा. मी वाढलं. आन वाढता वाढता त्यांला लय बोलले. सगळ्या वाडीम्होरं. आमी काय तुमच्या शाळंचा खेळ हाय का म्हनलं. परत पोरं घिऊन हितं यायचं न्हाई म्हनलं. बरं म्हनालं, ताट धुऊन ठेवलं आन गेलं. खालच्या गावांनीबी ऐकलं, त्यांनीबी मंग दार लावलं. अजून कुनी सैपाक जास्ती केला की बाया मला हसत्यात, चाळीस यायचं हायत का."

तव्यावरची भाकरी करपायला आली होती. मी म्हणाले, "मावशी, सरांना काही माहीत नव्हतं. तो मेसेज मी पाठवला होता. कुणी येणार नाही हे मला ठाऊक होतं. तुमचे फोन मला दिसत होते."

मला वाटत होतं त्या शिव्या देतील. त्यासाठीच मी आले होते, हे मला त्या क्षणी कळलं. मावशींनी भाकरी उतरवली, चुलीतली लाकडं मागे ओढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हंजी मी त्या मानसाला उगाच बोलले. ताटावर बसल्याला."

"मावशी, चूक माझी..."

"तुजं तू बघ. मी बोलले ते मी बोलले ना? आन इतकी वर्सं गप बसून आता सांगतीस व्हय?" त्यांचा आवाज फाटला. "चल, ने मला त्यांच्याकडं."

वडगावपर्यंत त्या गाडीत खिडकीकडे तोंड करून बसल्या. माझ्या पोटातला दगड मी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला होता, आणि आता तो मला परत घेता येत नव्हता.

सरांनी दार उघडलं. खूप वाळले होते, हातात काठी. आधी मावशींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांना सगळं समजलं. मला म्हणाले, "यांना कशाला सांगितलंत?" इतक्या वर्षांत त्यांनी मला लावलेला एवढाच बोल.

मावशी उभ्याच होत्या. "मास्तर, मी लय बोलले तुमाला."

"वहिनी, पिठलं उत्तम झालं होतं," सर म्हणाले. "बसा."

मावशींनी पदराने डोळे पुसले. थोड्या वेळाने नेटाने म्हणाल्या, "पोरं घिऊन या परत. मी सांगते खालच्या गावांनाबी."

सर हसले, अगदी मोकळेपणी. "आता माझ्याकडे कुठली पोरं, वहिनी?"

 खाली मान घालून मी हिशेब करत होते, की त्या बुधवारनंतर सर निवृत्त होईपर्यंत किती वर्ग त्या इमारतीत पडद्यासमोर बसून गेले, चिक्कीच्या दुकानासमोर उभं न राहता, कुणाच्या पडवीत पाणी न पिता. मग सरांनी मावशींना भाताचं विचारलं. यंदा इंद्रायणी लावणार का, पाणी कसं आहे, मुलगा काय करतो. दोघं बोलत राहिले. मी दाराजवळ बसले होते. शेजारच्या घरातून चहा सगळ्यांना आला, मलाही.

परत आल्यावर मी संस्थेला सांगून चौथा पाठ नव्याने रेकॉर्ड केला. सगळं सांगितलं, देशपांड्यांचं खोटं नावही. मला वाटलं होतं, निदान नोकरीवर थोडं बालंट येईल. विभागप्रमुखांनी पाठ पाहिला आणि डोळे पुसत म्हणाले, "मॅडम, अपयशाची इतकी प्रामाणिक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही." तो पाठ आमच्या सगळ्या अभ्यासक्रमांत सर्वांत जास्त बघितला जातो. खाली मुलं लिहितात, तुमच्या धैर्याला सलाम. दुसऱ्या कॉलेजांतून भाषणाची निमंत्रणं येतात. माझी लाजसुद्धा माझ्या नावावर जमा होते आहे, आणि हे कुणाला सांगावं तर तेही लोकांना प्रामाणिकच वाटेल.

सरांनी नवा पाठ उघडलेला नाही. मी यादी अधूनमधून बघते.

मागच्या महिन्यात संस्थेच्या वर्धापनदिनाची बैठक झाली. मी ती गोष्ट मंचावर सांगावी असं ठरलं. कुणीतरी उत्साहाने सुचवलं, त्या सरांना आणि मावशींना गाडी पाठवून आणू, मॅडम सगळ्यांसमोर त्यांची माफी मागतील, कॅमेरे असतीलच. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

मी नाही म्हटलं. कारण विचारलं तर दिलं नाही. बैठक संपायच्या आधी उठले, बाहेर जिन्यात आले, आणि सरांना फोन लावला. मंचाविषयी काही बोलले नाही. फक्त विचारलं, शनिवारी लोहगडवाडीला यायला जमेल का, गाडी अगदी पडवीपर्यंत जाते, तुम्हाला चालावं लागणार नाही.

 ते म्हणाले, "गुडघ्याला विचारून सांगतो."